सगुणाआत्याची राहिलेली तीन घरं

माझी सगुणाआत्या मार्गासनीची. भाताची खाचरं आहेत, दोन म्हशी आहेत, दारी आलेल्याला सुपानं वाढणारी बाई. पण नवरात्रातल्या मंगळवारी, नाहीतर शुक्रवारी ती बांबूची परडी घेऊन निघायची आणि पाच घरं जोगवा मागायची. तिचा इंद्रजित लहान असताना तापानं फणफणला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं मेंगाईदेवीला शब्द दिला होता, की पोर वाचू दे, जन्मभर तुझ्या नावानं पदर पसरीन. पोर वाचलं. आमच्याकडं यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाटलाची सूनसुद्धा जोगवा मागते, आणि पीठ वाढणाराच परडीच्या पाया पडतो.

इंद्रजित आता पुण्यात नोकरीला आहे. गुडघे दाखवायला म्हणून यंदा त्यानं आईला तिकडं नेलं, आणि नेमकं नवरात्र लागलं. मंगळवारी तो कामावर गेल्यावर म्हातारी परडी घेऊन अनवाणी बाहेर पडली. सोसायटीच्या वॉचमननं एकही दार वाजवू दिलं नाही, म्हणून ती रस्त्यावरच्या दुकानांपुढं उभी राहिली. दोन ठिकाणी मूठभर मिळालं. तिसऱ्या दुकानापुढं गाडी थांबली आणि भिकारी धरणाऱ्या पथकानं तिला उचललं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला विचारतो कोण? गुरुवारी तिला उभं केलं. मॅजिस्ट्रेटबाई भल्या होत्या, आणि मला तेच जास्त लागलं. वाईट असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

"आजी, तुम्ही भीक मागत होता?"

"भीक न्हाई, जोगवा. मागितला म्या."

"देवाच्या नावानं मागितलं तरी कायदा तोच आहे. पण मुलगा सांभाळतोय, म्हणून सोडते मी. पुन्हा मागणार नाही, एवढं कबूल करा."

इंद्रजितनं तिचे पाय धरले. "आये, म्हण की. नुसतं म्हणायचं तर हाय."

"तुज्या जिवावर बोललेलं हाय ते," आत्या म्हणाली. "म्या न्हाई कशी म्हनू?"

वकिलानं समजावलं. मीही सांगितलं, खोटं बोल, देवीला सगळं कळतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. बाईंनी तिला पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी एक वर्ष भिक्षेकरीगृहात ठेवायचा हुकूम लिहिला. कायद्यापुढं त्यांचाही इलाज नव्हता म्हणे. मग इलाज असतो तरी कुणाचा, हे मला कुणी सांगेना. इंद्रजित तिथंच बाकावर बसून लहान पोरासारखा रडला.

गाडीत बसवण्याआधी तिला भेटू दिलं. परडी त्यांनी काढून घेतली होती. मला वाटलं, आता तरी ही रडेल, पण ती घाईत होती.

"दत्ता, दोनच घरं झाली रं. तीन ऱ्हायली. उद्या शुक्रवार हाय, माज्या वतीनं तू माग. खाडा झाला तर माज्या पोराचं कसं व्हईल?"

मी हो म्हणालो, पण अगदी हळू. शेजारी शिपाई उभा होता.