पिवळी खूण

पेंट मार्करचं टोपण उघडलं, की त्या उग्र वासासरशी मला थेरगावच्या शाळेचा हॉल आठवतो. रोबोटिक्सची स्पर्धा होती. चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या पप्पांनी बजावलं होतं, "आधी नट आवळ, मगच त्यावर पिवळी खूण मार." पण सहामाही तोंडावर होती, मी आणि माझ्या जोडीची मैत्रीण, दोघी पार दमलो होतो, म्हणून वेळ वाचवायला मी सगळ्या नटांवर आधीच खुणा मारून ठेवल्या. आवळायचं काम मैत्रिणीकडे होतं. चाकाच्या नटावर खूण दिसली, तेव्हा तो झालाय असं समजून तिनं तो सोडून दिला. आमचा रोबो दोन वळणं झकास गेला, मग चाक निखळलं आणि घरंगळत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेलं. "माझंच चुकलं गं," ती रडत म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, खुणा मी आधीच मारल्या होत्या, हे मात्र सांगितलं नाही. आता मीही चाकणलाच, लाइनवर तपासणीला आहे. शिफ्ट संपता संपता पाय भरून येतात, बाहेर कंपनीची बस हॉर्न देत असते आणि सोबतचे दादा वैतागतात, "ताई, खूण हाय की त्याच्यावर, चला आता!" खूण आहे म्हणूनच मी पुन्हा पाना लावते.