खंडेनवमीचा रंग

सुप्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. तिथं कोळशापासून गॅस करायची उंच लोखंडी भट्टी होती, आतून फायर ब्रिकचं अस्तर. कोळशाची राख वितळली की त्या विटा खाते. विटा झिजल्या की धग बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचते, आणि गॅसमधलं गंधक पत्रा कुरतडायला लागतं. मला हे पुस्तकातून ठाऊक. विटा लावणारे आमचे देवळाली प्रवराचे मिस्त्री शाळा अर्धी सोडलेले, पण भट्टीच्या अंगाला हात न लावता तिचं दुखणं सांगायचे.

एकदा त्यांनी पत्र्यावर रंग करपून पडलेला परातीएवढा काळा डाग दाखवला. भोवती खडूनं रेघ ओढली आणि म्हणाले, "सायब, हितं रंग लावू देऊ नका. डाग रेघंभाईर गेला की भट्टी बंद करायची." मी मान डोलावली.

खंडेनवमी आली. पूजेला मालक सहकुटुंब येणार. यंत्रं धुतली, झेंडूची तोरणं लागली, आणि तो डाग माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. मिस्त्री सुट्टीवर. रंगाऱ्याला म्हटलं, मार चंदेरी. त्यानं रेघ दाखवून विचारलं, तर मी शहाणा त्याच्यावरच खेकसलो. वरून कीर्तन, आतून तमाशा! मालकीणबाईंनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं, फोटो निघाले, मी खूश.

मिस्त्री परतले. रंग पाहून त्यांनी तेवढा खरवडू का म्हणून विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत बघू, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

दिवाळीआधीच पत्रा तिथं फाटला. गॅसनं पेट घेतला. कुणाला इजा झाली नाही, पण भट्टी बंद पडली. चौकशीत एकच प्रश्न: विटा झिजल्याचं मिस्त्रींना कळलं कसं नाही? मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत होतो. रंग मी दिला, एवढंच बोलायचं होतं. नोकरीच्या भीतीनं मूग गिळून बसलो. मिस्त्रीही काही बोलले नाहीत. त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. इतक्या वर्षांचं काम, आणि जाताना नावावर हलगर्जीपणा. मला अजून स्वतःची लाज वाटते.

पुढं कित्येक महिन्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा सांगितला, पोराबाळांची चौकशी केली. शेवटी मीच विचारलं, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?

"मी कशाला घेऊ? तुमी हुता की समोर," ते म्हणाले. "आता बोलतील, आता बोलतील, म्हनून वाट बघत बसलो."