फक्त काजं राहिलीत

अख्ख्या कळंब तालुक्यात आमच्या टेलर चाचांइतका प्रामाणिक थापाड्या शोधून सापडला नसता. कापड टाकलं की तिसऱ्या दिवसापासून त्यांचं पालुपद सुरू, "झालंच की गुरुजी, फक्त काजं राहिलीत." आणि कापड माझ्या डोळ्यांदेखत फळीवर, घडीसुद्धा न मोडलेलं! भूमच्या एका नवरदेवाचा कोट असाच काजांवर अडला, तेव्हा चाचा एसटीत बसून बटणं लावत लग्नाला गेले. हातात अक्षता धरून ताटकळलेल्या वऱ्हाडासमोर शेवटचं बटण नवरदेवाच्या अंगावरच टाचलं आणि वर जेवूनही आले.

थापाड्या म्हटलं की ते खूश व्हायचे. पण एका गिऱ्हाइकानं लबाड म्हटलं, तर त्याला त्यांनी तिथल्या तिथं पायरी उतरायला लावली. मग माझी शिकवणीच घेतली. थाप कशी, तर मारणाऱ्यालाही ठावं असती आणि ऐकणाऱ्यालाही. त्यात कुणाचं काही जात नाही. बंडल मारणारा नुसता आपल्या तोऱ्यात. ढोंगी माणूस तोंडावर गोड. लबाडीत मात्र समोरच्याचं कापड जातं! चाचा तर उरलेली वीतभर चिंधीही कपड्यासोबत बांधून देत. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे त्यांनी पहिल्याच मापाला हेरलं होतं, आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल चालायची.

यंदा ते धाराशिवला दवाखान्यात पडले. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी चाचांच्या मुलाला नि मला बाहेर सांगितलं. मी आत गेलो तर चाचा माझी वाटच बघत होते.

"गुरुजी, डॉक्टर काय म्हणला? घरची लई गोड बोलायलीत."

खरं सांगायला जीभ रेटेना आणि खोटं तर मला जन्मात जमलं नाही. शेवटी म्हणालो, "बरे झालातच की चाचा, फक्त काजं राहिलीत."

त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. मग खोकला लागेपर्यंत हसले आणि माझा हात धरून म्हणाले, "थाप हाय ही. लबाडी न्हाय." मला रडू आलं.

आठवड्यानं चाचा गेले. माझ्या पँटचं कापड अजून त्यांच्या दुकानात फळीवरच आहे. घेऊन जा म्हणून मुलगा दोनदा सांगून गेला. मी म्हटलं, राहू दे, चाचांनी शिवायला घेतलंय.