निवाऱ्यावरची स्टीलची अक्षरं

माझ्या सेवाकाळात गोंदिया जिल्ह्यातली कायदा-सुव्यवस्था सर्वांत मोठ्या संकटात सापडली, ती घटना आजही आठवते. एका प्रवासी निवाऱ्यावरची अक्षरं नाहीशी झाली होती.

हे मी थट्टेनं लिहीत नाही. तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख असताना मी एक खून आणि एका राइस मिलवरचा दरोडा हाताळला. तेव्हा वरून एखादा फोन आला, ‘बघून घ्या’ म्हणाले आणि ठेवला. अक्षरांच्या वेळी मात्र दुपारपर्यंत मला जेवायला उठता आलं नाही. ज्या साहेबांना माझं नावही धड माहीत नव्हतं, ते मला नावानं हाक मारून तपासाची प्रगती विचारत होते.

नावं कुणाचीच देत नाही. गोरेगावकडून येणाऱ्या रस्त्याला एक फाटा आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आत कच्च्या वाटेनं गेलं की पाच-सहा खेडी. त्या फाट्यावर सरकारी निधीतून निवारा बांधला गेला. वर निळं छप्पर, खाली ग्रॅनाइटचा बाक आणि दर्शनी बाजूला तिथल्या एका नेत्याच्या दिवंगत वडिलांचं नाव, पुढे ‘स्मृती प्रवासी निवारा’. अक्षरं स्टीलची, हातभर उंच. ती आपण पदरच्या पैशानं करून घेतली, हे नेत्यानं उद्घाटनाच्या भाषणात दोनदा सांगितलं होतं. बंदोबस्ताला मीच होतो, त्यामुळे ऐकावं लागलं.

दिवाळी आटोपून गावोगावी मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरायला लागली होती. एका सकाळी नेते गाड्यांचा ताफा घेऊन ठाण्यात आले. माझ्यासमोर बसून म्हणाले, “साहेब, हा माझ्या वडिलांचा अपमान नाही. हा अख्ख्या तालुक्याचा अपमान आहे.” मी ठाणे अंमलदाराला फिर्याद लिहायला सांगितली. तालुक्याच्या वतीनं फिर्याद घेण्याची सोय कायद्यात नाही, म्हणून ती त्यांच्या एकट्याच्या नावे घेतली. आरोपी अज्ञात इसम, चोरी आणि सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान.

‘अज्ञात’ हा शब्द मंडळींना रुचला नाही. मागे उभा असलेला एक कार्यकर्ता म्हणाला, “साहब, अज्ञात काहे का? नाम तो सबको मालूम है. मौसी का लड़का है.”

मी जिल्ह्यात नवा, पश्चिमेकडून बदलून आलेला. मौसी कोण, हे ताफा गेल्यावर आमच्या ठाण्यातल्या महिला शिपायाला विचारलं. मुलगी हुशार आणि तोंडानं फटकळ, त्या दिवशी मात्र फाइल छातीशी धरून गप्प उभी होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर बोलली.

मावशी म्हणजे फाट्याजवळच्या बौद्ध वस्तीतली एक मजूर बाई. नवरा लवकर गेलेला. हंगामात रोवणी-कापणीला जायची, एरवी फाट्यावर पोतं अंथरून उकडलेले शिंगाडे विकायची. आतल्या खेड्यांतल्या मुली शाळेसाठी पायी फाट्यावर येत, आणि बस त्यांच्या समोरून निघून जाई. मुलींकडे पास. पासवाल्या मुलींसाठी ब्रेक दाबायला काही चालकांचा पाय जड व्हायचा. एक दिवस मावशी शिंगाड्यांची टोपली उचलून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बस थांबली. चालकानं तिच्या आईबापाचा उद्धार केला. तिनं तो ऐकून घेतला आणि मुली आत चढेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळा सुरू असेपर्यंत रोज सकाळी तेच, आणि हे वर्षानुवर्षं. तिनं कुणाला शिकवलं नाही, ती स्वतःही शाळेत गेलेली नव्हती. ती फक्त रस्त्यात उभी राहायची.

“मग त्या मुलींचं काय झालं?” मी विचारलं.

“एक तं तुमच्यासमोर उभी आहे, सर,” ती म्हणाली.

मावशीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिच्या मातीला एकही पुढारी आला नव्हता. फाट्याला मात्र सगळे ‘मावशीचा फाटा’ म्हणत आणि निवारा बांधून झाल्यावरही तसंच म्हणत. फिर्यादीचं खरं दुखणं ते होतं. अक्षरं हातभर उंच करूनही लोकांच्या तोंडी ती चढत नव्हती.

तपास सुरू झाला. पंचनाम्याला मी स्वतः गेलो. निवाऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. अक्षरं नट-बोल्टवर बसवलेली होती. प्रत्येक बोल्ट काढून अक्षर उतरवल्यावर तो पुन्हा आपल्या भोकात घट्ट बसवला होता. हे मी डायरीत लिहिलं आणि मनात ठेवलं. चोर बोल्ट टाकून देतो. रागावलेला माणूस दगड मारतो. बोल्ट परत बसवतो तो ज्याला उद्या याच वस्तूबद्दल घरच्या माणसाला तोंड द्यायचं आहे तो.

वरून आदेश आला, शेजारची बोडी तपासा, अक्षरं पाण्यात टाकली असतील. बोडी म्हणजे इकडचं लहान तळं. गावातल्या ढिवरांना बोलावून जाळं टाकलं. एक टायर आणि भरपूर शिंगाड्याचे वेल निघाले. दुसरा आदेश आला, निवाऱ्यावर पहारा ठेवा. अक्षरं नसलेल्या निवाऱ्याला दोन शिपाई. महिला शिपायानं तेव्हा मला सांगितलं, की फाट्यावर पोरं मुलींना त्रास देतात म्हणून मावशी पूर्वी वारंवार ठाण्यात यायची आणि तिला तेव्हाच्या साहेबांकडून दरवेळी एकच उत्तर मिळे, माणसं नाहीत. ती माणसं आता बाकावर बसून शेंगा खात होती. माझा संताप तिथून सुरू झाला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

मग खबर आली. मंडईत पानठेला लावणारा आमचा एक खबऱ्या होता. त्यानं सांगितलं की अक्षरं दिवसाढवळ्या दुपारीच उतरली, आणि मावशीचा मुलगा हातात पाना घेऊन शिडीजवळ उभा होता. आणखी कोण होतं विचारलं तर त्याला एकाएकी गिऱ्हाईक आलं.

मुलाला बोलावलं. तिशीच्या आतला, ट्रॅक्टर चालवायचा. आणि इथेच प्रकरण गमतीचं राहिलं नाही. रस्त्यात उभं राहून बस थांबवणाऱ्या बाईचा हा मुलगा बसचालक म्हणून निवडला गेला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली, हे त्याला कळत होतं, मला कळत होतं आणि फिर्यादींना सर्वांत आधी कळलं होतं. त्या सकाळच्या फोनांपैकी निम्मे त्या कागदाबद्दल होते. तो थांबवा, एवढंच म्हणणं.

“पाना तुझा?” मी विचारलं.

“हाव, सायब.”

“फाट्यावर होतास?”

“होतो. शिडी धरून होतो.”

“अक्षरं तू काढलीस?”

“नाई.”

“मग कोणी?”

“थे मी नाई सांगत.”

चौकशीत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती पाणी मागतात, शपथ घेतात, घरच्या आजारपणाचं सांगतात. हा काहीच करत नव्हता. मी पडताळणीचा कागद उचलून त्याच्यासमोर धरला. हा काय आहे ठाऊक आहे का, म्हणून विचारलं. त्यानं मान हलवली. नोकरी जाईल, म्हटलं.

“जाईन तं जाईन,” तो म्हणाला. “ट्रॅक्टर हायेच. माय म्हने, पोरीचं नाव ठान्यात गेलं का तिची शाळा गेली. म्हनून थे सोताच येत होती ठान्यात, दरवेळी. आता मी कायले पोरींचे नावं देऊ?”

बोलून गेल्यावर आपण जास्त बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बघू लागला. कोपऱ्यात लिहीत बसलेल्या महिला शिपायाचं पेन थांबलं होतं.

पोरी. म्हणजे बायका होत्या, एकीपेक्षा जास्त. त्यात अक्षरांच्या मालकालाच घरी तोंड द्यायचं असलेली एक. दिवाळीच्या दिवसांत लेकी माहेरी येतात, हे समजायला पोलीस खात्यात यावं लागत नाही. मुलाला बाहेर बाकावर बसवून, चहा द्यायला सांगून, मी फिर्यादींच्या घरी पुरवणी जबाबासाठी गेलो.

नेते अंगणात खुर्ची टाकून माणसांत बसले होते. मला आत बसवलं. त्यांची वृद्ध आई पलंगावर होती. चहा घेऊन त्यांची धाकटी बहीण आली. नागपूरला एका दवाखान्यात मुख्य परिचारिका, भाऊबिजेला आलेली. तिनं कप ठेवला आणि सरळ विचारलं, कोणाला धरलं म्हणून. मी सांगितलं. कागदाचंही सांगितलं.

 ती तशीच दारात गेली आणि भावाला अंगणातल्या सगळ्यांसमोर म्हणाली, “भाऊ, त्या पोराले काऊन अडकवून राहिला? अक्षरं मी काढली.”

नेते हसले. “बाई, तू आत जा.”

“आत जायले नाही आली मी. दहावीचा पेपर होता माझा. बाबांनी त्या दिवशी मावशीवर तक्रार दिली, रस्ता अडवते म्हणून. ठाण्यात बसवून ठेवली तिला, संध्याकाळपर्यंत. गाडी थांबली नाही. मी मागं धावली, पडली, गुडघे फोडून घरी आली. बाबा म्हणाले, झालं ते बरं झालं. तू तेव्हा मोटरसायकलनं शाळेत जात होता, भाऊ. तुले कायले आठवन?”

अंगणातले लोक उठून गाड्यांपाशी जाऊ लागले. काहींनी उगाच मोबाइल कानाला लावले.

तिचं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मावशी पुन्हा रस्त्यात उभी होती. ज्यांच्या तक्रारीवरून ती दिवसभर ठाण्यात बसली, त्यांच्याच लेकीला हात धरून तिनं बसमध्ये चढवलं आणि वर शिंगाड्यांचा पुडा दिला. हे सगळं बहिणीनंच सांगितलं. तिच्याबरोबर चौघी-पाचजणी होत्या, सगळ्या त्याच बसमधून शिकलेल्या. त्यांची नावं तिनं दिली नाहीत, मीही विचारली नाहीत. माझ्या ठाण्यातली एखादी त्यात होती का, हे शोधून काढण्याची मला गरज वाटली नाही.

“मुद्देमाल कुठे आहे?” एवढं मात्र विचारावं लागलं.

उत्तर पलंगावरून आलं. “ढोलीत,” म्हातारी म्हणाली. “मीच म्हनलं, धानात ठेव म्हनून. तिथं कोनी पाहात नाही.”

धानाच्या त्या कणगीत अक्षरं तिच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून ठेवलेली होती.

फिर्यादींनी मला बाजूला घेतलं. फिर्याद मागे घेतो, म्हणाले. दखलपात्र गुन्हा मागे घेता येत नाही, तो काही गॅसचा नंबर नाही, हे मी समजावलं. मग आरोपी म्हणून बहिणीचं नाव लिहू का, असं विचारलं. तालुक्याचा अपमान त्या क्षणी संपला. राहिलेला जबाब त्यांनीच सांगितला आणि मी लिहून घेतला. अक्षरं घरच्या पैशानं केलेली, म्हणजे कुटुंबाची वस्तू. आई आणि बहीण कुटुंबातल्याच. निवाऱ्याचं नुकसान शून्य. घरच्या माणसानं घरची वस्तू घरात आणून ठेवली, ही चोरी नव्हे. मी ‘क’ समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, आणि तो मंजूर झाला. पडताळणीच्या कागदावर त्याच संध्याकाळी सही केली. काय प्रगती म्हणून विचारायला कुणाचाही फोन आला नाही.

मुलाला कागद मार्गी लागल्याचं सांगितलं, तर त्यानं आधी विचारलं, “पोरींचं काई झालं तं नाई ना, सायब?” नाही म्हटल्यावर चहाचा रिकामा पेला उचलून, विसळून जागेवर ठेवला आणि गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं आता शाळा-कॉलेजांत बोलावतात तिथे विचारतात. मी सांगतो, की माणसाची आठवण ठेवायला जेवढा मोठा दगड लागतो, तेवढं त्या आठवणीत कमी असतं. टाळ्या पडतात. मग मला एक शाल देतात आणि ज्या संस्थापकांच्या अर्धपुतळ्याला मी हार घालायचा असतो, तिकडे नेतात. मी हार घालतो. पण मनात रागच असतो. ज्या बाईला ठाण्यात दिवसभर बसवलं, तिच्याबद्दल सरकारी दप्तरात काही असेल तर ती एक तक्रार, आणि ती तिच्याविरुद्धची आहे. बाकी सगळं चालत्या-बोलत्या माणसांत आहे: दवाखान्यात, शाळांत, एका पोलीस ठाण्यात. त्याचा पंचनामा करता येत नाही.

निवृत्तीनंतर एका जुन्या खटल्यात साक्षीसाठी गोंदियाला जावं लागलं. परतताना बसमध्ये बसलो, चालक तोच निघाला. थोडा जाड झाला होता. ‘मावशीचा फाटा’ म्हणून वाहकानं आवाज दिला, गाडी निवाऱ्यासमोर उभी राहिली आणि शाळेच्या मुली धक्काबुक्की करत चढल्या. निवाऱ्याच्या कपाळावर नुसते बोल्ट होते. मला भरून आलं, हे कबूल करतो. त्या ओघात मी आगारात उतरल्यावर तिथल्या नियंत्रकाला गाठलं आणि म्हटलं, की या थांब्याला अधिकृतपणे मावशीचं नाव द्यावं, अर्ज मी करतो.

त्यानं मार्गाचा तक्ता काढून दोनदा पाहिला आणि मला थंडपणे सांगितलं, की त्या ठिकाणी थांबाच नाही. कधी मंजूरच झालेला नाही.