मामांच्या दारातली पलटण

नेपोलियनच्या काळातली फ्रेंच सरदाराची पलटण हैदराबादेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस म्हणजे आमचे मामेसासरे. ती पलटण मोडून दोनशेहून जास्त वर्षं झाली, ही अडचण त्यांना कधीच भासली नाही. पाहिली होती त्यांच्या खापरपणजीने, दारात उभी राहून; पण घरातल्या बाईने पाहिलं म्हणजे घराने पाहिलं, असं त्यांचं म्हणणं. दिलसुखनगरच्या भर रस्त्यात ते माझा दंड धरत, "थांबा जावईबापू, इथनंच तोफा गेल्या," आणि मागे रिक्षावाले "अरे चाचा, हटो ना!" म्हणून कोकलत. एकदा जुन्या वास्तू दाखवणारा एक तरुण पाहुण्यांना पलटणीचे झगमगीत गणवेश रंगवून सांगत होता. मामा मागून कडाडले, "कायकू खोटं सांगतोस? बंदुका काढून घेतलेल्या, ओठ सुकलेले, निम्मे अनवाणी! तू वाचलंस बाळा, आम्ही पाहिलंय."

त्या दिवशी खापरपणजीने पलटणीला पाणी पाजलं, आणि मागोमाग आलेल्या, त्यांच्या बंदुका काढून घेणाऱ्या इंग्रज कंपनीच्या शिपायांनाही. तेव्हापासून दाराबाहेर रांजण आणि एकच नियम: पिणाऱ्याला कुठल्या फौजेचा म्हणून विचारायचं नाही. पुढे घर गेलं, भोवतालचं शेत गेलं, त्याच जागी आमचं अपार्टमेंट आलं, रांजण फाटकाशी राहिला. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं तिथे टेकू लागली, तसा तो सोसायटीला खुपू लागला. सेक्रेटरी मी. मीटिंगमध्ये तो हटवायचं ठरलं, तेव्हा चारचौघांत 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. हलवायला मीच गेलो. मामा रांजणाला पाठ लावून खुर्चीत बसलेले.

"मामा, लोक म्हणतात..."

"गोऱ्या साहेबाने घोड्यावरून दटावलं, शत्रूला पाणी कशाला म्हणून. बाई हलली नाही. तुम्ही तर घोड्यावरसुद्धा नाही, जावईबापू! आधी पाणी प्या, मग फोडा."

मी प्यायलो. फोडणं राहिलंच. मीटिंगमध्ये म्हणालो, रांजण हलणार नाही, सेक्रेटरी हवा तर बदला. त्यांनी आनंदाने बदलला.

आता मामा चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेत. रांजण मी भरतो. भरताना, आपण कशासाठी आलो होतो ते आठवून मान खाली जाते. वर गेलो की ते डोळे न उघडता विचारतात, "आज कुणाची पलटण गेली?"

"विचारलं नाही, मामा."

"मग ठीक," म्हणतात, आणि मी त्यांच्या सुकलेल्या ओठांना चमच्याने रांजणातलं पाणी लावतो.