नातीच्या नाकासाठी सैंधव

जैनथच्या बाजारात सैंधव विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. तान्ह्या नातीचं नाक चोंदलं होतं. नाकात घालायचं मीठपाणी घरीच करू, म्हणून मी ऐटीत गुलाबी खडा उचलला.

"काका, एकदम नैसर्गिक ना? नातीच्या नाकात घालायचंय."

त्यानं खडा माझ्या हातातून काढला, धोतराला पुसला आणि टोपलीत परत ठेवला.

"जहरी शिसं बी नैसर्गिकच असते, भाऊ. या खड्यात काय काय हाय, मलेच ठाव नाई. लेकराच्या नाकात काऊन घालून राह्यले? डाक्टरले इचारा."

"गिऱ्हाईक हाकलता?"

"बैलाले चाटाले पाह्यजे त देतो!"

डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी नात दणदणीत शिंकली. त्या शिंकेला मी उभं राहून टाळ्या वाजवल्या, अर्ध्या त्या म्हाताऱ्यासाठी.