धुरपताबाईने वाळवलेली माती

सख्ख्या भावाने आणलेलं बियाणंसुद्धा धुरपताबाई आधी मूठभर उगवून बघते. पवनीकडच्या त्या गावात तिच्या नजरेतून सुटलेला माणूस नाही. एका कामात मात्र सगळं गाव तिला मानतं, ते म्हणजे कृषी खात्याकडे पाठवायचा मातीचा नमुना. शेतभर खड्डे करून माती घ्यायची, घमेल्यात कालवायची, खडे वेचायचे, सावलीत वाळवायची. बारा वर्षं हे तिच्याच हातचं.

अंगणवाडीशेजारी पाण्याची उंच टाकी व्हायची होती. त्यासाठी माती तपासायला माणसं आली आणि बाईने बांधावर ठाण मांडलं. इंजिनिअर प्रविणने एक लोखंडी नळी जमिनीत खोल दाबली, मातीसकट वर काढली आणि तिच्या दोन्ही तोंडांना मेण ओतलं. बाईच्या कपाळावर आठ्या चढल्या. ओली माती अशी कोंडतात का कुठे? आतलं कुणाला दिसू नये म्हणूनच हा खटाटोप! तिची नात गुड्डी त्याच अंगणवाडीत बसते. टाकी कलली तर जाईल कोणाच्या डोक्यावर?

बाईचं घर लागूनच होतं. नळी तिच्याच पडवीत ठेवून माणसं जेवायला गेली. बाईने लगेच मेण खरवडलं. उलथण्याने माती काढली, ढेकळं फोडली, खडे वेचले आणि सगळी सुपात पसरली. काम झकास झालं होतं.

प्रविण आला आणि रिकामी नळी उचलून बघू लागला.

"मावशी, हे काय केलं?"

"तुमाले येत नाही, ते केलं."

"अहो, ही काळी माती. पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. जमिनीत जशी बसली होती तशीच, ओलाव्यासकट तपासावी लागते. टाकीचं वजन झेलेल की नाही, हे फोडलेल्या मातीवरून कसं कळणार?"

धुरपताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठेकेदाराचा माणूस अंकुश मात्र बिडी ओढत शांत उभा होता. "भरा ना वापस ठोकून. वरून मेण लावा. कोणाले समजते?"

प्रविण खाली मान घालून नखं बघत राहिला. ते बघून बाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने सूप उचललं आणि सगळी माती शेजारच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात भिरकावली.

"घे, भर आता! धुरपतानं बिघडवली, असं लिवा कागदावर. अन् नवी काढा. तवरिक मी इथून हालत नाही."

अंकुश पुष्कळ करवादला. बाई हलली नाही.

दुसऱ्या दिवशी नवी नळी निघाली. मेण लावून झाल्यावर प्रविण कालच्यासारखाच ती घेऊन पडवीकडे वळला. धुरपताबाई झटकन मागे सरली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तुह्या गाडीतच ठेव बापू. मले आता मायाच हातायचा भरोसा नाही."